एका राजाचे श्रवण

म्हैसूर शहराच्या दक्षिण भागात कुवेंपुनगर नावाची मोठी वसाहत आहे. कानडीचे थोर कवी कुप्पळ्ळी वेंकटप्पा पुट्टप्पा, म्हणजेच कुवेंपु (१९०४–१९९४), यांचे नाव तिला दिलेले आहे. प्रत्येक मूल जन्मते ते विश्वमानव म्हणूनच; मागाहून जात, पंथ, भाषा आणि देश यांची कुंपणे घालून आपण त्याला लहान करतो, आणि त्याला पुन्हा विश्वमानव करणे हेच शिक्षणाचे खरे कार्य आहे, हा या कवीच्या शिकवणुकीचा गाभा होय. मराठी मनाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेवांनी जे मागणे मागितले, ते एका गावासाठी वा एका पंथासाठी नव्हते.

परंतु विश्वबंधुत्वाचा विचार मांडणे वेगळे आणि त्यासाठी पदरमोड करणे वेगळे. ज्या म्हैसुरात कुवेंपुंनी आयुष्य घालविले, त्याच म्हैसुरात त्यांच्याहून सर्वस्वी भिन्न स्थितीत जन्मलेल्या एका पुरुषाने हा विचार सुरांच्या क्षेत्रात आचरून पाहिला. मलनाडच्या रानात वाढलेला तो कवी आणि राजवाड्यात वाढलेला हा राजपुत्र. पुढे १९५६ साली कुवेंपु म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तेव्हा हाच पुरुष राज्यपाल या नात्याने त्या विद्यापीठाचा कुलपती होता. म्हैसूरचे अखेरचे महाराज जयचामराज वाडियार (१९१९–१९७४) यांच्याविषयी मी बोलत आहे.

जयचामराज ज्या घरात वाढले, त्या घरात संगीत हा केवळ करमणुकीचा विषय नव्हता. त्यांचे चुलते महाराज कृष्णराज वाडियार हे स्वतः अनेक वाद्ये जाणत. त्यांच्या पदरी वीणेचे आणि कर्नाटक गायकीचे नामांकित विद्वान होते, आणि त्यांच्याच जोडीला पाश्चात्त्य पद्धतीचा वाद्यवृंदही राजवाड्यात वाजत असे. आपल्या मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचाही या दरबाराने सन्मान केला होता. उत्तरेच्या किराणा गावातून निघालेल्या या गवयाने त्यागराजांची एक कृती ध्वनिमुद्रित करून ठेवली, यामागे दक्षिणेतील अशा सहवासाचा वाटा असलाच पाहिजे. आणखी एका गोष्टीचे स्मरण श्रोत्यांना रुचेल. मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली याच शहरात, आपल्या राहत्या घरी, एक लहानसे नभोवाणी केंद्र सुरू केले. ‘आकाशवाणी’ हे नाव प्रथम त्या केंद्राला मिळाले आणि मग ते साऱ्या देशाचे झाले.

अशा वातावरणात या राजपुत्राला पियानोचे वेड लागले. ते वेड वरपांगी नव्हते. १९४५ साली लंडनच्या गिल्डहॉल संगीतशाळेची पदविका आणि ट्रिनिटी संगीत महाविद्यालयाचे सन्माननीय सदस्यत्व त्यांना लाभले. मात्र वादक म्हणून जगापुढे बसण्याचा मार्ग नियतीने त्याआधीच बंद केला होता. १९४० च्या मार्च महिन्यात त्यांचे वडील वारले, ऑगस्टमध्ये चुलते गेले, आणि एकविसाव्या वर्षी या तरुणाला गादीवर बसावे लागले. सहा महिन्यांच्या अवधीत दोन मृत्यू आणि एक राज्याभिषेक! पुढे त्यांनी जे संगीत निवडून आपलेसे केले, त्याचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

त्यांची पहिली निवड तर चमत्कारिकच म्हणावी लागेल. निकोलाय मेट्नर हा १८८० साली मॉस्कोत जन्मलेला रशियन संगीतरचनाकार. राज्यक्रांतीनंतर त्याने देश सोडला आणि अनेक ठिकाणी फिरून अखेर तो लंडनला स्थायिक झाला. काळाची अभिरुची त्याच्या मागून पुढे निघून गेली होती. महायुद्धाने त्याचे उत्पन्न आटविले आणि प्रकृतीही ढासळली. अशा या वृद्ध, आजारी निर्वासिताचे संगीत हजारो मैलांवर म्हैसुरातील एक तरुण राजा ध्वनिमुद्रिकांवरून ऐकत होता. युद्ध संपल्यावर त्याने लंडनमध्ये मेट्नरच्या नावे एक मंडळ स्थापन करविले आणि त्याच्या रचना ध्वनिमुद्रित करण्याचा भार उचलला. परिणामी मेट्नरला आपले तिन्ही पियानो कन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेल्या दीर्घ कृती, तसेच अनेक गीते आणि लहानमोठ्या रचना स्वतःच्या हाताने वाजवून मागे ठेवता आल्या. १९५१ साली तो मरण पावला. तिसरा कन्चेर्टो त्याने म्हैसूरच्या महाराजांना अर्पण केलेला आहे.

मेट्नरच्या या कामामुळेच वॉल्टर लेग या इंग्रज ध्वनिमुद्रण-निर्मात्याचा म्हैसूरशी संबंध आला. लेगने १९४५ साली लंडनमध्ये फिलहार्मोनिया हा वाद्यवृंद उभा केला होता, पण पैशाअभावी त्याचे भवितव्य डळमळीत होते. तो म्हैसूरला आला, तेव्हा राजवाड्यातील ध्वनिमुद्रिकांचा प्रचंड संग्रह, ध्वनिवर्धकांची रांग आणि मोठमोठे पियानो पाहून चकित झाला. महाराजांनी मेट्नरच्या मुद्रणांखेरीज या वाद्यवृंदासाठी वर्षाला दहा हजार पौंड याप्रमाणे तीन वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले, असे लेगने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या फिलहार्मोनिया संगीतसभेचे पहिले अध्यक्षपदही महाराजांकडेच होते.

आता २२ मे १९५० च्या रात्रीकडे वळू. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये फिलहार्मोनिया वाद्यवृंद बसलेला, संचालक विल्हेल्म फुर्टवेंग्लर आणि गायिका नॉर्वेची किर्स्टन फ्लागस्टाड. जर्मन रचनाकार रिचर्ड स्ट्राउस आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात वारला होता. चौऱ्याऐंशीव्या वर्षी रचलेली त्याची चार गीते त्या रात्री प्रथमच गायिली गेली. त्यांतील तिघांचे शब्द हेर्मान हेसेचे, एकाचे आयशेनडॉर्फचे. ‘चार अखेरची गीते’ हे नाव प्रकाशकाने मागाहून दिले, पण ते यथार्थ आहे. वसंत ऋतू, ओसरता उन्हाळा, झोप आणि सायंकाळ हे त्यांचे विषय. आणि त्या सर्वांमागे उभा आहे मृत्यू. मात्र या मृत्यूत आकांत नाही. दिवसभर चालून दमलेल्या माणसाने सावलीत टेकावे, अशी त्यांची वृत्ती आहे. ज्या लंडनवर जर्मन बाँब पडत होते, त्याच लंडनने महायुद्ध संपून पाच वर्षे होत असताना एका जर्मनाचा हा निरोप ऐकला. आणि या कार्यक्रमाला चार हजार आठशे डॉलरची हमी होती ती म्हैसूरच्या महाराजांची. ते स्वतः तेथे उपस्थित नव्हते. त्या रात्रीचे मुद्रण त्यांच्या संग्रहासाठी म्हैसूरला यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. त्या मुद्रणाचा आवाज खरखरीत आहे; तरी त्या रात्रीची साक्ष म्हणून आजही रसिक ते ऐकतात.

शासकीय सेवेत हिशेब पाहण्याची सवय लागलेल्या माणसाला येथे थांबावे लागते. त्या काळी एका पौंडाला सुमारे तेरा रुपये पाच आणे पडत. म्हणजे लेगला कबूल केलेली रक्कम तीन वर्षांत चार लाख रुपयांची आणि स्ट्राउसच्या गीतांची हमी सुमारे तेवीस हजारांची. हा पैसा अखेर आला कोठून? राजाचे खासगी धन म्हटले, तरी त्याची मुळे रयतेच्या घामातच असणार. शिवाय काळही कसा होता? १९४७ च्या सप्टेंबरात याच राजवाड्याच्या दिशेने ‘म्हैसूर चलो’ची घोषणा देत लोक निघाले होते, ऑक्टोबरात जबाबदार मंत्रिमंडळ आले, २६ जानेवारी १९५० रोजी राजे राजप्रमुख झाले आणि त्यांच्यासाठी वार्षिक सव्वीस लाखांचा तनखा ठरला. तोही पुढे १९७१ साली बंद झाला. देश अन्नधान्यासाठी झगडत असता लंडनच्या वादकांना पैसे देणे ही राजविलासाची शेवटची लहर होती, असे कोणी म्हटले, तर तो आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही.

त्याचे पूर्ण समाधान होईल असे उत्तर माझ्यापाशी नाही; परंतु या व्यवहाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आपल्या महाराष्ट्रातील संस्थानिकांनी कलावंतांना उदार आश्रय दिला. छत्रपती शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात आणले, आणि त्यामुळे जयपूर घराण्याची गायकी मराठी मुलखात रुजली. हे ऋण फार मोठे आहे. तथापि खाँसाहेबांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्यांचे गाणे शिष्यांच्या कंठात उरले, त्यांचा स्वतःचा आवाज मात्र काळाने नेला. उलट त्यांच्या शिष्या, गोमंतकातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांचा आवाज मुद्रित झाला होता. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर, पृथ्वीवरील मानवाची ओळख म्हणून जी सोनेरी तबकडी बसविली, तिच्यात बाख आणि बेथोवेन यांच्या शेजारी केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बाई निवर्तल्या. २०१२ साली त्यांतील एक यान सूर्याच्या प्रभावकक्षेपलीकडे गेले. गुरूचा आवाज पृथ्वीवर कोठेच नाही, शिष्येचा आवाज ताऱ्यांच्या वाटेवर आहे. आणि या दोहोंमधले अंतर केवळ एका तबकडीचे आहे.

कलावंताला अन्न देणे हा आश्रयाचा एक प्रकार झाला. त्याचा स्वर त्याच्या मागे उरेल अशी तजवीज करणे हा दुसरा, आणि तो आधुनिक आहे. जयचामराजांनी हा दुसरा प्रकार ओळखला, आणि तो अशा माणसाच्या बाबतीत आचरला की जो त्यांच्या धर्माचा, देशाचा वा भाषेचा नव्हता आणि ज्याच्याकडून त्यांना कसलाही लौकिक लाभ होण्यासारखा नव्हता. परक्यांच्या संगीतात रमून ते आपल्या संगीताला विन्मुख झाले, असेही घडले नाही. म्हैसूर वासुदेवाचार्यांकडून कर्नाटक संगीत शिकून त्यांनी ‘श्रीविद्या’ या मुद्रेने संस्कृतात चौऱ्याण्णव कृती रचल्या, आणि दत्तात्रेय व भगवद्गीता या विषयांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिले. जो राजा पहाटे देवीची उपासना करी, तोच स्ट्राउसच्या सायंकाळच्या गीताची वाट पाहत होता. त्याला यात विसंगती वाटली नाही. कारण मरणाला सामोरे जाणारा माणूस सगळीकडे एकच असतो.

राजाची सत्ता गेली, तनखा गेला, पदव्याही गेल्या. ज्या वाद्यवृंदाला त्याने हात दिला तो अद्याप लंडनमध्ये वाजतो आहे, आणि मेट्नरची बोटे आजही त्या तबकड्यांतून ऐकू येतात. कुवेंपुंचा विश्वमानव वसाहतीच्या पाटीवर सहज लिहिता येतो. त्याची कसोटी लागते ती, आपल्याशी काहीही नाते नसलेल्या एका म्हाताऱ्याचे गाणे थांबू नये म्हणून आपण काय मोजायला तयार आहोत, या प्रश्नापाशी. इतिहास राजांना त्यांनी जिंकलेल्या मुलखावरून ओळखतो. या राजाने मुलूख जिंकला नाही, असलेलाही सोडला. त्याला ओळखायचे ते त्याने काय ऐकले यावरून.