१२ सप्टेंबर २०११ : ध्वनिमुद्रणांना ७० वर्षांचे संरक्षण
युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने या दिवशी गायक-वादक आणि ध्वनिमुद्रण निर्मात्यांच्या हक्कांची मुदत ५० वरून ७० वर्षांवर नेली. ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्ड यांनी त्यासाठी नेटाने पाठपुरावा केला होता. तरुणपणी गायलेल्या गाण्यांची रॉयल्टी नेमकी उतारवयात बंद होत असे. बेल्जियम, स्वीडनसह आठ देशांनी मात्र विरोधात मत दिले. एकरकमी बिदागीवर हक्क सोडून दिलेल्या साथीदार वादकांसाठी निर्मात्यांनी वाढीव काळातील विक्रीच्या उत्पन्नाचा २० टक्के हिस्सा बाजूला काढायचा, ही या निर्णयातली सर्वांत न्याय्य तरतूद. अंमलबजावणीसाठी १ नोव्हेंबर २०१३ ही तारीख ठरली. बीटल्सचे १९६२ मधले ‘लव्ह मी डू’ त्याआधीच, २०१२ अखेर, संरक्षणाबाहेर गेले.