समुद्राची सीमा आणि फ्रान्सचा कायदा

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस जिरोंद नदी जेथें अटलांटिक महासागरास मिळते, तेथें सूलाक नांवाचें एक लहानसें गांव आहे. या गांवांतील मध्ययुगीन चर्च 18व्या शतकाच्या मध्यास वाऱ्यानें लोटलेल्या वाळूखालीं गाडलें गेलें, आणि सुमारें शंभर वर्षांनीं वाळू उपसून तें पुन्हां उघडें करण्यांत आलें. त्याच गांवांत 2023 सालीं समुद्रकांठची एक चार मजली इमारत सार्वजनिक खर्चानें पाडण्यांत आली. चर्चवर वाळू चालून आली होती. या इमारतीच्या पुढ्यांतून ती निघून गेली. किनाऱ्याची जमीन कोणाची, तिच्या रक्षणाचा खर्च कोणाचा, आणि घर सोडावें लागल्यास भरपाई कोणीं द्यावी, हे तीन प्रश्न फ्रेंच राज्यकर्त्यांपुढें तीनशें वर्षांहून अधिक काळ उभे आहेत.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर चौदाव्या लुईच्या कारकीर्दींत मिळालें. कोलबेर या मंत्र्याच्या प्रेरणेनें 1681 सालीं जें सागरी आज्ञापत्र निघालें, त्यांत मार्च महिन्याच्या मोठ्या उधाणाचें पाणी जेथवर पोहोंचतें तेथवर समुद्रकिनारा समजावा, असें ठरविण्यांत आलें. हा पट्टा सार्वजनिक मालकीचा. सीमा पाण्यानेंच आंखावयाची असल्यामुळें पाणी पुढें सरकलें कीं सीमाहि सरकते. समुद्रानें गिळलेली खासगी जमीन राष्ट्राची होते, आणि तिच्याबद्दल मालकास मोबदला मिळत नाहीं.

दुसऱ्या प्रश्नाचा निकाल नेपोलियनच्या अमदानींत लागला. 16 सप्टेंबर 1807 च्या कायद्याचें 33वें कलम असें सांगतें कीं, समुद्राला बांध घालण्याची गरज आहे किंवा नाहीं हें सरकारनें ठरवावें. खर्च मात्र ज्यांच्या मालमत्तेचें रक्षण होतें त्यांनीं आपापल्या हिताच्या प्रमाणांत सोसावा. योग्य व न्याय्य वाटेल तेथें सरकारनें मदत द्यावी, एवढीच सवलत. पुढें 1810 सालच्या हुकुमानें वाळूच्या टेकड्यांवर झाडें लावण्याची व्यवस्था झाली. मालकानें लागवड केली नाहीं, तर ती सरकारनें करावी, आणि लांकडाच्या उत्पन्नांतून खर्च व्याजासह वसूल होईपर्यंत टेकडी आपल्या ताब्यांत ठेवावी. या लागवडीनें वाळूचें आक्रमण पुष्कळ आटोक्यांत आलें. समुद्राचें आक्रमण मात्र झाडांना थांबवितां आलें नाहीं.

तिसरा प्रश्न ‘ल सिन्याल’ या इमारतीनें ऐरणीवर आणला. 1960 नंतरच्या दशकांत, समुद्रस्नानाच्या हौसेच्या काळांत, ती बांधली गेली. तींत 78 बिऱ्हाडें होतीं, आणि त्या वेळीं पाणी सुमारें 200 मीटर दूर होतें. 2013-14 च्या हिवाळ्यांतील वादळांनीं उरलीसुरली वाळू ओरबाडून नेली. समुद्र वीस मीटरांच्या आंत आला, आणि जानेवारी 2014 मध्यें इमारत रिकामी करण्याचा हुकूम निघाला. इमारत सुस्थितींत उभी होती आणि मालकीहि कायम होती. पण त्या घरांत राहण्याची मुभा उरली नव्हती.

नैसर्गिक संकटांत सांपडलेल्या घरांची सरकारनें किंमत देऊन खरेदी करावी, यासाठीं 1995 च्या कायद्यानें एक निधि स्थापिला होता. दरडी, हिमप्रपात, डोंगरी ओढ्यांचे लोंढे यांचा त्यांत समावेश होता. वालुकामय किनाऱ्याच्या झिजेचा नव्हता. मालकांनीं न्यायालयाची पायरी चढली. दरड कोसळण्याच्या भीतीनें घर गमावणारा आणि वाळू सरकल्यानें घर गमावणारा यांच्यांत अंतर तें काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. एप्रिल 2018 मध्यें घटनापरिषदेनें निर्णय दिला कीं, हा भेद राज्यघटनेच्या विरुद्ध नाहीं. त्याच वर्षी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानेंहि मालकांची मागणी फेटाळली.

न्यायालयांत जें मिळालें नाहीं, तें अखेर विधिमंडळांतून मिळालें. 2019 सालच्या अर्थकायद्यांत या एका इमारतीसाठीं 70 लक्ष युरोंपर्यंतची खास तरतूद करण्यांत आली. धोका नसता तर घराची जी किंमत झाली असती, तिच्या 70 टक्के रक्कम मालकांना देण्याचें ठरलें. फेब्रुवारी 2023 मध्यें इमारत पाडण्यास प्रारंभ झाला.

परंतु प्रत्येक इमारतीसाठीं अशी खास तरतूद करणें कोणत्याहि राज्याला परवडणारें नाहीं. म्हणून 22 ऑगस्ट 2021 च्या हवामानविषयक कायद्यानें निराळा मार्ग धरला. किनाऱ्यावरील निवडक गांवांनीं पुढील 30 वर्षांत कोठें झीज होईल, आणि 30 ते 100 वर्षांत कोठें होईल, याचे नकाशे करावयाचे. पहिल्या पट्ट्यांत नवीं घरें बांधण्यास जवळजवळ बंदीच आहे. दुसऱ्यांत बांधण्यास परवानगी आहे, पण ती एका अटीवर: तीन वर्षांपलीकडे माणसांच्या जीविताची शाश्वति देतां येणार नाहीं अशी वेळ आली, म्हणजे मालकानें स्वखर्चानें घर पाडून जागा पूर्ववत् करावी. त्या खर्चाची रक्कम त्यानें आरंभींच अनामत ठेवावयाची. याशिवाय 2022 च्या अध्यादेशानें 12 ते 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याची सोय केली. जमीन सार्वजनिक संस्थेची राहते, आणि समुद्र मुदतीपूर्वी आला तर पट्टा संपतो.

नव्यानें बांधणाऱ्यासाठीं ही योजना चोख आहे. पाडण्याची वेळ येणार हें त्याला पाया खणतांनाच ठाऊक असतें. पण ज्यांनीं हे नकाशे निघण्यापूर्वी, सरकारची रीतसर परवानगी घेऊन, आयुष्याची पुंजी किनाऱ्यावरच्या घरांत घातली, त्यांचें काय? त्यांना 1807 चें कलम बांधाचा खर्च सोसावयास सांगतें, आणि 1681 पासून चालत आलेलें तत्त्व जमीन गेल्यावर मोबदला नाकारतें. सूलाकच्या 78 घरांना जी दया लाभली, ती सर्वांस लागू होईल असा नियम तिच्यांतून निर्माण झाला नाहीं. परवानगी देतांना जो धोका राज्याला दिसला नाहीं, तो एकट्या मालकाला दिसावयास हवा होता काय, या प्रश्नाचें उत्तर फ्रेंच विधिमंडळाला द्यावें लागणार आहे. आणि अटलांटिकचा किनारा दर हिवाळ्यांत थोडा थोडा मागें हटत असल्यामुळें त्याला सवड फारशी नाहीं.