मजकूर, मसुदा आणि कॅम्प नंबर चार

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर रिक्षात बसून आपण ‘कॅम्प चार’ म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर लष्कर येत नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत ठेवले. 1949 मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सैनिक गेले, निर्वासितांचे व्यापारी झाले, पण ‘कॅम्प’ राहिला. आता तो फक्त पत्ता आहे.

संगणकातही शब्दांचे असेच झाले. मागे वर्गात मी पडद्यावरची भाषा मराठी केली. नववीतला एक मुलगा म्हणाला, “सर, ही तर त्यांची भाषा. आपली कुठे आहे?” पडद्यावर होते मजकूर, मसुदा, तपशील, रद्द करा.

मी खडू घेतला. ‘मजकूर’ आणि ‘जिक्र’ एकाच अरबी धातूचे. मजकूर म्हणजे ज्याचा जिक्र झाला तो. उर्दूत आजही त्याचा अर्थ ‘वर उल्लेख केलेला’. जुन्या मोडी कागदांतला ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर सांगितलेले गाव. पुढे मराठीत लिहिलेले सगळेच मजकूर झाले आणि आता आपण तो बोटाने निवडतो, पुसतो. ‘मसुदा’ शब्दात काळेपणा आहे. शाईने काळा केलेला कच्चा कागद. आज शाई नाही, कागदही नाही, मसुदा मात्र आपोआप जतन होतो.

हे शब्द बदलण्याचे प्रयत्नही झाले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. ‘दिनांक’ रुजला, पण ‘तारीख’ही गेली नाही. कोर्टात आजही तारीखच पडते. ‘संगणक’ संस्कृत वळणाचा, ‘रद्द’ अरबी, ‘फाइल’ इंग्रजी. तिघे एकाच पडद्यावर नांदतात. मग ‘त्यांची’ कोणती आणि ‘आपली’ कोणती?

मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी घरातले असे बावीस शब्द लिहून घेऊन आला. वर मथळा होता, ‘यादी’. मी वही परत देताना एवढेच म्हणालो, “बेटा, तेवीस झाले. ‘यादी’तली ‘याद’ मोजायची राहिली.”