प्रोस्टेट कर्करोगाच्या अवस्थानिश्चितीतील प्रतिमाचाचण्या
प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग ग्रंथीपुरता मर्यादित आहे की लसीकाग्रंथी वा हाडांपर्यंत पसरला आहे, हे ठरवण्याला अवस्थानिश्चिती म्हणतात; मात्र त्यासाठी प्रत्येक रुग्णाला बोन स्कॅन किंवा सीटी स्कॅनची गरज नसते. रक्तातील पीएसए हे प्रथिन दर मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमपेक्षा कमी, पेशींच्या विकृतीची प्रत दर्शवणारा ग्लीसन गुणांक ६ पर्यंत आणि गाठ लहान असेल, तर रोग पसरलेला असण्याची शक्यता अत्यल्प असते. अशा वेळी तरीही या चाचण्या केल्या, तर हाडांतील जुनी झीज किंवा भरलेला अस्थिभंगही संशयास्पद दिसून नव्या तपासण्या, किरणोत्सर्ग आणि रुग्णाची धास्ती मात्र वाढते. स्वीडनमध्ये या चाचण्यांच्या वापराची आकडेवारी वैद्यकांपुढे सातत्याने ठेवल्याने १९९८ ते २००९ या काळात कमी जोखमीच्या रुग्णांतील अशा चाचण्या ४५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आल्या. पण ज्यांना त्या खरोखर आवश्यक होत्या, त्या अधिक जोखमीच्या रुग्णांतही त्या घटल्या, ही त्या यशाची गंभीर उणीव होय. अधिक जोखमीच्या रुग्णांत, कर्करोगपेशींवरील पीएसएमए प्रथिनाला चिकटणारे किरणोत्सर्गी द्रव्य वापरणारे पेट-सीटी अधिक अचूक ठरते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत आढळले.