मागची चाकं आत झुकलेली दिसली तर? प्युजो २०५ जीटीआयच्या मागच्या अ‍ॅक्सलची आणि ब्रेकची दुरुस्ती

जुनी प्युजो २०५ जीटीआय विकत घ्यायला गेलेला जाणकार माणूस बॉनेट उघडायची घाई करत नाही. तो आधी गाडीच्या मागे चार पावलं लांब जाऊन उभा राहतो आणि मागची दोन्ही चाकं बघतो. चाकं सरळ उभी असतील तर पुढची बोलणी सुरू होतात. वरच्या बाजूने आत झुकलेली असतील, म्हणजे मागून बघताना गाडी फेंगडी उभी असल्यासारखी वाटत असेल, तर किंमत तिथल्या तिथे खाली येते. कारण ते झुकणं म्हणजे मागचा अख्खा अ‍ॅक्सल उतरवायची वेळ आली, असा त्याचा अर्थ असतो.

२०५ ही गाडी १९८३ साली फ्रान्समध्ये आली आणि तिच्या ५० लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. जीटीआय हे तिचं तापट रूप १९८४ चं. आधी १.६ लिटरचं १०५ अश्वशक्तीचं इंजिन आलं आणि १९८६ मध्ये १.९ लिटरचं १३० अश्वशक्तीचं. आजच्या हिशोबात हे आकडे मोठे नाहीत, पण गाडीचं वजन जेमतेम ८५० ते ९०० किलो. त्यामुळे छोट्या घरगुती गाडीत मोठं इंजिन ही जी ‘हॉट हॅच’ची कल्पना आहे, तिचं नाव काढलं की युरोपात आजही २०५ जीटीआय पहिल्या दोन-तीन नावांत येते. या गाड्या आता तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत. इंजिनं दणकट निघाली, पण मागचा अ‍ॅक्सल नाही.

स्प्रिंग दिसत नाही, कारण ती सरळ आहे

२०५ च्या मागच्या भागात खाली वाकून बघितलं तर गुंडाळीची स्प्रिंग कुठेच सापडत नाही. आडवी एक जाड नळी असते. तिच्या दोन्ही टोकांना एकेक ट्रेलिंग आर्म, म्हणजे मागे जाणारा हात, आणि त्या हाताच्या टोकाला चाक. चाक खड्ड्यात गेलं की हात नळीच्या टोकाभोवती वरखाली फिरतो.

स्प्रिंगचं काम करतात दोन सरळ पोलादी सळया, म्हणजे टॉर्शन बार. एक नळीच्या पुढे, एक मागे. प्रत्येक सळईचं एक टोक एका बाजूच्या हातात घट्ट बसलेलं आणि दुसरं टोक थेट पलीकडच्या बाजूच्या ब्रॅकेटमध्ये. हात वर गेला की सळईला पीळ पडतो आणि पीळ सुटायला बघतो, तीच स्प्रिंग. कोपऱ्यावर गाडी कलंडू नये म्हणून असणारा अँटी-रोल बार या नळीच्या पोटातून जातो. शॉक अ‍ॅब्सॉर्बरही उभे नाहीत, जवळजवळ आडवे निजलेले असतात.

एवढा खटाटोप कशासाठी? तर डिकीसाठी. उभे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि उंच स्प्रिंगा नसल्या की डिकीचा तळ सपाट आणि रुंद मिळतो. छोट्या फ्रेंच गाडीत आठवड्याचा बाजार मावला पाहिजे, हा खरा उद्देश. त्याच रचनेने पुढे वळणावर एक मागचं चाक हवेत उचलून पळणाऱ्या गाडीचा नावलौकिक मिळवला, ही गंमतच. (१९८५ आणि १९८६ ची जागतिक रॅली स्पर्धा जिंकणारी २०५ टर्बो १६ मात्र आतून पूर्ण वेगळी होती, तिचं इंजिन मधोमध होतं. नावापलीकडे या अ‍ॅक्सलशी तिचा संबंध नाही.)

हाच नमुना प्युजो ३०९, ३०६, सित्रोएन झेडएक्स अशा अनेक गाड्यांत वापरला गेला. त्यातली ३०९ महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. १९९० च्या दशकात प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि प्युजो यांच्या भागीदारीत ती कल्याणच्या कारखान्यात तयार होत होती. २०५ जीटीआयवाल्यांना ३०९ वेगळ्याच कारणाने आठवते: ३०९ जीटीआयचा मागचा अ‍ॅक्सल जास्त रुंद आहे आणि तो २०५ ला बसवण्याची हौस ब्रिटनमध्ये जुनी आहे.

मरतं ते बेअरिंग

प्रत्येक हाताला एक जाड शाफ्ट दाबून बसवलेला असतो. तो नळीत शिरतो आणि तिथे दोन नीडल बेअरिंगवर फिरतो, एक आत, एक बाहेर. दोन्ही बाजूंची मिळून चार. नीडल बेअरिंग म्हणजे सुयांसारख्या बारीक रोलरची कडी. सतत गोल फिरणाऱ्या कामात ती उत्तम चालते. इथे मात्र हात थोडासाच वर जातो, थोडासा खाली येतो. त्याच त्या सुया शाफ्टच्या त्याच जागी घासत राहतात.

तेवढ्यानेही बिघडलं नसतं. बिघडवतं ते पाणी. हात आणि नळी यांच्यामधलं सील कडक होतं, चिरतं, आणि चाकाने उडवलेलं पाणी आत शिरतं. युरोपातल्या हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, म्हणजे ते पाणीही खारट. ग्रीस धुऊन निघतं, सुया गंजतात, तुटतात आणि शाफ्ट खरवडायला लागतात. मग हात सैल होतो आणि गाडीच्या वजनाने चाकाचा माथा आत झुकतो.

इथे वेळेला फार महत्त्व आहे. सील गळतंय पण शाफ्ट गुळगुळीत आहे अशा टप्प्यावर पकडलं तर फक्त बेअरिंगं आणि सीलं बदलून भागतं. शाफ्ट खरवडला गेला की तो हातातून हायड्रॉलिक प्रेसने काढून नवा बसवावा लागतो. त्याहीनंतर दुर्लक्ष केलं तर बेअरिंगची बसायची जागा, म्हणजे नळीचं तोंडच, झिजून लंबगोल होतं. मग नळी भंगारात. दुसरी नळी शोधायची तर तीही तितकीच जुनी.

लक्षणं ओळखता येतात. स्पीडब्रेकरवरून जाताना मागून करकर आवाज येतो. टायर आतल्या कडेला झिजतो, पुढे तर तो चाकाच्या कमानीला घासू लागतो. आणि एक फसवं लक्षण असतं: गाडी मागून कडक वाटते. मालक समजतो, स्पोर्टी गाडी आहे, अशीच असणार. प्रत्यक्षात गंजलेल्या बेअरिंगमुळे हात हलेनासा झालेला असतो.

चाचणी सोपी आहे. गाडी स्टँडवर घेऊन चाक वरखाली दोन्ही हातांनी धरून हलवायचं. ढिलेपणा जाणवला तर दुसऱ्या माणसाने खालून बघायचं. आर्म नळीच्या तोंडाशी हलत असेल तर दोष अ‍ॅक्सलचा. आर्म स्थिर आणि फक्त चाक हलत असेल तर ते चाकाचं बेअरिंग आहे, तो खर्च कितीतरी कमी. हे न बघता नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घालणारे पुष्कळ असतात. त्यांचे पैसे वाया जातात.

उतरवणं सोपं, उघडणं अवघड

अख्खा अ‍ॅक्सल चार रबरी माउंटिंगांवर गाडीला लटकलेला असतो. सायलेन्सरचा भाग, हँडब्रेकच्या केबली आणि ब्रेकचे पाइप सुटे केले की तो ट्रॉली जॅकवर खाली घेता येतो. तो जड आहे, एकट्याने करायचं काम नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, भक्कम स्टँड हवेतच.

खरी कसोटी टॉर्शन बार काढताना लागते. सळईच्या टोकांना स्प्लाइन, म्हणजे बारीक दाते, असतात आणि तीस वर्षांत ते गंजाने एकजीव झालेले असतात. सळईच्या टोकाला आटे पाडलेलं भोक असतं. त्यात स्लाइड हॅमर अडकवून ठोके मारत सळई बाहेर काढतात. आधी दोन-चार दिवस गंज सोडवणारं तेल सोडत राहावं लागतं. आच द्यायची तर बाहेरच्या भागाला, आणि जपून. सळई स्प्रिंगच्या पोलादाची आहे, ती लाल झाली तर तिचं पाणी उतरतं आणि मग ती स्प्रिंग राहत नाही.

काढण्याआधी दोन खुणा करायच्याच. कुठली सळई कुठल्या बाजूची हे लिहून ठेवायचं, कारण डावी-उजवी अदलाबदल चालत नाही. प्रत्येकीला ठरलेल्या दिशेनेच पीळ सोसायची सवय लावलेली असते. आणि सळई व हात यांच्या दात्यांवर समोरासमोर रंगाची रेघ मारायची. दोन्ही टोकांच्या दात्यांची संख्या वेगळी असते, त्यामुळे एक-एक दाता सरकवून गाडीची उंची अगदी बारीक फरकाने बदलता येते. खूण नसेल तर हीच सोय डोकेदुखी होते.

जोडताना शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या जागी दोन भोकं पाडलेली लोखंडी पट्टी लावतात. भोकांमधलं अंतर मॅन्युअलमध्ये त्या मॉडेलसाठी दिलेलं असतं. पट्टीने हात योग्य कोनात धरून ठेवला की सळई आत सरकवायची. दात्यांना भरपूर ग्रीस, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला शिव्या घालाव्या लागणार नाहीत. नवी बेअरिंगं थेट हातोडीने ठोकायची नाहीत. मापाच्या पायरीदार दांड्याने ठरलेल्या खोलीवर बसवायची. आणि एकाच बाजूचं काम करून थांबणं ही खोटी बचत आहे. दुसरी बाजू तितकीच जुनी आहे आणि अ‍ॅक्सल उतरवायची मेहनत पुन्हा तेवढीच लागणार.

आता ब्रेक

१.६ ला मागे ड्रम ब्रेक होते, १.९ ला डिस्क. ऐकायला डिस्क भारी, पण जुन्या गाडीत त्रास डिस्कचाच जास्त. ब्रेक दाबला की वजन पुढे जातं. इतक्या हलक्या गाडीत मागच्या ब्रेकांना फार काम उरत नाही. काम नाही म्हणून डिस्क स्वच्छ घासली जात नाही आणि गंजते, विशेषतः आतली बाजू, जी कोणी बघत नाही.

कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा आहे. तिचा छोटा लिव्हर गंजून अर्ध्यात अडकतो आणि पॅड डिस्कला चिकटून राहतात. कॅलिपर उघडल्यावर पिस्टनवर गंजाचे खड्डे दिसले तर नवं सील घालूनही तो गळणारच; पिस्टन बदलायचा किंवा पूर्ण कॅलिपर. रबराला फक्त ब्रेकसाठीचं लाल रबर ग्रीस लावायचं, साध्या ग्रीसने सील फुगतं. पिस्टन मागे घालताना नुसता दाबायचा नाही, फिरवत न्यायचा. सी-क्लॅम्प लावून जबरदस्ती केली तर आतली यंत्रणा मोडते. पिस्टनवरची खाच पॅडच्या पाठीवरच्या उंचवट्यात बसली पाहिजे.

हँडब्रेकची केबल शेवटी ताणायची. लिव्हर दोन्हीकडे पूर्ण मागे येऊन टेकतो की नाही हे आधी बघायचं. केबल जास्त ताणली तर पॅडची झीज भरून काढणारी आपोआप जुळणी बंद पडते आणि हँडब्रेक घट्ट होण्याऐवजी काही आठवड्यांत ढिला होतो.

अ‍ॅक्सल खाली असतानाच पोलादी ब्रेक पाइप बदललेले बरे. गंजणाऱ्या पोलादाऐवजी तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे पाइप मिळतात, वाकवायलाही सोपे. रबरी होज नवेच. मग डीओटी ४ ब्रेक ऑइल भरून हवा काढायची. हे तेल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. आणि रंगावर सांडलं तर रंग उतरतो.

एवढी काटेकोर तपासणी मालकालाच का करायची? ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांची दरवर्षी एमओटी तपासणी होते, पण ४० वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना ती सक्तीची नाही. पहिल्या जीटीआय आता त्या वयाला पोहोचल्या आहेत. शिवाय या गाडीची एक खोड प्रसिद्ध आहे. वेगात वळणावर अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग बाहेर फेकला जातो. चांगल्या अ‍ॅक्सलवर कसलेला चालक ते सावरतो. एक आर्म जाम आणि एक मागचा ब्रेक धरून बसलेला असेल तर गाडी कुठल्या बाजूला जाईल याचा अंदाज कोणालाच येत नाही.

काम संपल्यावर शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच शेवटचे आवळायचे, नाहीतर त्यांची रबरं कायम पिळलेली राहतात. जागेवरून हलण्याआधी ब्रेक पेडल कडक लागेपर्यंत दाबायचं. थोडं चालवून आल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ, डिस्कला न लावता, हात धरून बघायचं. एकच बाजू तापली असेल तर तो कॅलिपर पुन्हा उघडायचा. आणि चाकांचे कोन मोजून घ्यायचे. मागच्या कोनांना बदलायची सोयच नाही, त्यामुळे आकडा चुकीचा आला तर आर्म वाकलेला आहे किंवा शाफ्ट नीट बसलेला नाही.