वस्तरा आणि निवड

बंगळूर शहरात केस कापावयाचे म्हटले म्हणजे आज पहिला प्रश्न उभा राहतो तो निवडीचा. गल्लीतल्या दोन खुर्च्यांच्या दुकानात जावे की एखाद्या वातानुकूलित दालनात? कारागीर जुन्या हाताचा असावा की नव्या तऱ्हा जाणणारा? जाणकार गिऱ्हाईक दुकानाच्या झगमगाटापेक्षा कारागिराकडे पाहते. तो पाते नवे घालतो की नाही, कात्री हाती घेण्याआधी केसांची ठेवण न्याहाळतो की नाही, एवढे पाहिले म्हणजे पुष्कळ कळते. आपली मान ज्याच्या वस्तऱ्याखाली द्यावयाची, त्याला पारखून घेणे शहाणपणाचेच. मात्र ही पारख करण्याची मुभा माणसाला मिळाली, त्याला फार काळ लोटलेला नाही.

1638 मध्ये विजापूरच्या फौजांनी बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हा महाराष्ट्रातून दक्षिणेत गेलेल्या मराठी माणसाला तिकडची गावगाड्याची रीत अपरिचित वाटली नसावी. मराठी मुलखात बारा बलुतेदार, तसे कन्नड मुलखात बारा आयगार. आणि दोन्हीकडे त्या बारांत न्हावी होताच. तो धोकटी काखेत मारून घरोघर जाई. धोकटीत वस्तरा, कात्री, आरसा, नराणी. हजामत तर त्याची खरीच. पण अंग रगडणे, गळू फोडणे, लग्नकार्यात धावपळ करणे ही कामेही त्याच्याच वाट्याची. मोबदला सुगीत खळ्यावर, धान्याच्या रूपाने. घरे वंशपरंपरेने ठरलेली. शेतकऱ्याला न्हावी निवडता येत नसे, तसे न्हाव्यालाही घर निवडता येत नसे. त्याचा हात जड असला तरी बाप ज्याच्यापुढे बसला, त्याच्याच मुलापुढे मुलगा बसावयाचा!

या व्यवस्थेत आश्रय होता हे खरे; पण तो सर्वांना नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मकथनपर टिपणात साताऱ्याच्या बालपणाची एक आठवण नोंदविली आहे. गावात न्हावी होते, त्यांना द्यावयास पैसेही होते. तरी अस्पृश्याच्या मस्तकाला हात लावावयास कोणी तयार नसे. म्हणून घरातील मुलांचे केस थोरली बहीण कापी, आणि सरावाने ती त्या कामात तरबेज झाली होती. निवडीचा प्रश्न त्या घरापुरता असा परस्पर सुटलेला होता.

स्त्रियांच्या बाबतीत तर केस हा त्यांचा स्वतःचा विषयच नव्हता. उच्चवर्णीय विधवेचे केशवपन व्हावयाचे ते तिच्या इच्छेने नव्हे, आणि ज्याच्या हातून व्हावयाचे त्यालाही कोणी विचारीत नसे. 1890 मध्ये मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा धरावयाचा नाही असा निर्धार तेथे झाला. गिरणी कामगारांचे पुढारी व ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. रूढी त्या एका सभेने मोडली नाही. पण ज्याला गावाने केवळ हुकमाचा ताबेदार मानले होते, तो कारागीर प्रथमच ‘हे काम मी करणार नाही’ असे जाहीरपणे म्हणाला. सुधारकांच्या पुष्कळ व्याख्यानांहून या नकाराचे मोल अधिक आहे.

शहरांत हे बंधन सैल झाले ते निराळ्या कारणाने. 1809 मध्ये इंग्रजांनी जुन्या बंगळूर पेठेपासून काही अंतरावर लष्करी छावणी वसविली. छावणीत राहणारा पगारदार. त्याला ना शेत, ना खळे. त्याने बलुते द्यावे कोठून? रोख दाम आणि रोख काम हाच तेथला व्यवहार. कारागिराने घरी जाण्याऐवजी गिऱ्हाइकानेच दुकानी यावे, ही रीत शहरांतून रुळली. पाटीवर ‘केशकर्तनालय’ लिहिले तरी लोकांच्या तोंडी ‘सलून’च राहिले. पुढे घरच्या घरी दाढी करण्याचा सुरक्षित वस्तरा आला; 1904 मध्ये अमेरिकेत जिलेट यांना त्याचे पेटंट मिळाले. रोजची दाढी हातची गेल्यावर कारागिराला केसांच्या कसबावरच गिऱ्हाईक राखणे भाग पडले.

छावणी आणि पेठ मिळून 1949 मध्ये एक महापालिका झाली. त्याच छावणी भागातील ब्रिगेड रोडवर रमेश बाबू यांच्या वडिलांचे केशकर्तनाचे दुकान होते. 1979 मध्ये वडील वारले, तेव्हा आईने ते रोज पाच रुपयांच्या भाड्याने दुसऱ्याकडे दिले. मुलाने पुढे ते परत घेतले आणि जोडीला मोटारी भाड्याने देण्याचा धंदा उभारला. 2011 मध्ये त्यांनी रोल्स-रॉईस विकत घेतली. पण कात्री खाली ठेवली नाही. त्यांच्या खुर्चीत बसावयास लोक आपण होऊन जात, कोणा वतनाच्या बंधनाने नव्हे.

घटनेच्या 15व्या अनुच्छेदाने दुकानांची दारे सर्वांना खुली केली. 1955 च्या कायद्याने अस्पृश्यतेचे आचरण दंडनीय ठरविले. तरी नोव्हेंबर 2020 मध्ये म्हैसूर जिल्ह्याच्या नंजनगुड तालुक्यातील हल्लरे गावच्या एका केशकर्तनकाराची तक्रार वृत्तपत्रांत आली. दलितांचे केस कापल्याबद्दल गावातील वरिष्ठ जातीच्या काही मंडळींनी त्याच्या कुटुंबावर बहिष्कार घातला आणि पन्नास हजार रुपयांचा दंड मागितला, असे त्याचे म्हणणे होते. आपले गिऱ्हाईक आपण निवडले, एवढाच त्याचा अपराध होता.