शब्दबोध : ‘लिटोरल’ म्हणजे किनाऱ्याचा, पण कुठपर्यंतचा?

बुरोंडी (ता. दापोली), प्रतिनिधी : बंदर, जेटी, धूपप्रतिबंधक बंधारा किंवा समुद्रालगतचा एखादा मोठा प्रकल्प यांविषयीचे तांत्रिक अहवाल वाचू लागले की ‘लिटोरल’ हे इंग्रजी विशेषण हमखास भेटते. नौदलाच्या बातम्यांत, भूगोलाच्या पुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या उताऱ्यांतही ते असते. बुरोंडीसारख्या गावाचे सारे जगणेच या विशेषणात मावणारे असल्याने त्याचा अर्थ येथे थोडा विस्ताराने पाहणे उपयुक्त ठरेल.

लॅटिनमध्ये ‘लीटुस’ म्हणजे समुद्रकिनारा. त्यावरून ‘लिटोरल’ आले. व्हेनिसजवळच्या ‘लीडो’ या प्रसिद्ध किनाऱ्याचे नावही त्याच घराण्यातले. इंग्रजीत या शब्दाचे स्पेलिंग एल, आय, मग दोन टी, पुढे ओ, आर, ए, एल असे होते. उच्चार मात्र घात करतो. ब्रिटिश उच्चारात हा शब्द जवळजवळ ‘लिटरल’ असाच ऐकू येतो आणि शब्दशः या अर्थाचे ‘लिटरल’ तर सर्वांच्या ओळखीचे. त्यात टी एकच आणि त्यापुढे ई. त्याचे मूळही निराळे, अक्षर या अर्थाच्या लॅटिन शब्दातले. तेव्हा भाषण ऐकताना संदर्भावरून आणि लिहिताना दोन टी आठवून हे दोन शब्द वेगळे ठेवावेत.

सर्वसाधारण अर्थ ‘किनाऱ्याचा, किनाऱ्यालगतचा’ एवढाच. मराठीत तटवर्ती, सागरतटीय किंवा किनारी असे म्हणता येते. शास्त्रीय लेखनात ‘वेलांचली’ असा शब्द आढळतो आणि तो अधिक नेमका आहे, कारण संस्कृतात ‘वेला’ म्हणजे किनाराही आणि भरतीही. जीवशास्त्रातला ‘लिटोरल’ पट्टा मुख्यत्वे हाच : भरतीचे पाणी जिथवर चढते आणि ओहोटीत जिथवर उतरते त्यांमधला. खडपावर चिकटलेली कालवे, पुळणीत दडलेल्या तिसऱ्या यांचे हे घर. दिवसातून दोनदा बुडायचे आणि दोनदा उघडे पडायचे, अशी तिथली रीत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा पट्टा रुंदावतो, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला आक्रसतो. किनाऱ्यावरच्या माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्याच्याकडे नसतो तो फक्त त्यासाठीचा इंग्रजी शब्द. या पट्ट्याच्या खालच्या, कायम पाण्यात असलेल्या भागाला ‘सबलिटोरल’ म्हणतात. तलावाच्या काठालगतचा, तळापर्यंत उजेड पोहोचणारा उथळ भागही शास्त्रज्ञांच्या लेखी ‘लिटोरल’च. नदीकाठासाठी मात्र ‘रायपेरियन’ हे वेगळे विशेषण आहे.

गावकऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग म्हणजे ‘लिटोरल ड्रिफ्ट’. लाटा किनाऱ्यावर तिरक्या आदळल्या की वाळू काठाकाठाने एका दिशेला सरकत राहते, त्याला हे नाव आहे. या वाहत्या वाळूच्या वाटेत जेटी किंवा दगडी बांध आडवा आला की एका बाजूला वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूची पुळण झिजू लागते. म्हणजे अहवालातील या दोन शब्दांखालचा परिच्छेद होड्या ओढून ठेवण्याच्या जागेविषयी आणि माडांच्या मुळांविषयी बोलत असतो. नेमका तोच परिच्छेद पारिभाषिक शब्दांमुळे न वाचता उलटला जातो. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीसाठी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. सारांशात सगळे येतेच असे नाही, म्हणून मूळ अहवालातील हा शब्द ओळखता आलेला बरा. भाषेचा हा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेला होता. त्या अधिसूचनेच्या 2020 च्या नव्या मसुद्याचे आठव्या अनुसूचीतील 22 भाषांत भाषांतर करण्याचे निर्देश दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जून 2020 रोजी दिले होते.

कायद्याच्या भाषेत मात्र ‘लिटोरल’पेक्षा ‘कोस्टल’ अधिक रुळलेले. 1991, 2011 आणि 2019 च्या सीआरझेड अधिसूचनांच्या नावात ‘कोस्टल’च आहे. त्यांत भरतीरेषा व ओहोटीरेषा यांमधला पट्टा स्वतंत्र वर्गात ठेवलेला आहे, जीवशास्त्रज्ञ ज्याला ‘लिटोरल’ म्हणेल तोच. 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक करारातही ‘कोस्टल स्टेट’ असाच प्रयोग दिसतो. मुत्सद्देगिरीत याउलट ‘लिटोरल स्टेट्स’ म्हणण्याचा प्रघात आहे. भारतीय नौदलाच्या पुढाकाराने 2008 मध्ये सुरू झालेले हिंदी महासागर नौदल परिसंवादाचे व्यासपीठ अशाच तटवर्ती राष्ट्रांचे. येथे अर्थ ओल्या वाळूपुरता राहत नाही, अख्खा देश किनाऱ्याचा ठरतो. नौदलाच्या तोंडी तो आणखी निराळा होतो. किनाऱ्यालगतचे उथळ पाणी आणि तिथून ज्यावर वचक ठेवता येतो तो जमिनीचा पट्टा, दोन्ही त्यात येतात. वसईजवळच्या किल्ल्याचे नाव घेऊन 18 जून 2025 रोजी नौदलात दाखल झालेली ‘आयएनएस अर्नाळा’ ही पाणबुडीविरोधी नौका अशाच उथळ पाण्यासाठी बांधलेली आहे.

वापराविषयी थोडे. हे विशेषण नामाच्या आधीच शोभते : ‘लिटोरल झोन’, ‘लिटोरल कम्युनिटीज’. ‘आमचे गाव लिटोरल आहे’ अशी वाक्यरचना इंग्रजीत अवघडल्यासारखी वाटते, तिथे ‘कोस्टल’ घ्यावे. ‘अधिक लिटोरल’ असा तर-तम भावही होत नाही. ‘द लिटोरल’ असे नाम म्हणूनही ते चालते, इतिहासकार ‘कोंकण लिटोरल’ लिहितात ते याच अर्थाने. मात्र समुद्राकाठच्या खानावळीला किंवा घराला ‘लिटोरल’ म्हटले तर वाचणारा हसेल. शब्द भारदस्त आहे, तो अहवालात आणि निबंधात ठेवावा.

बुरोंडीत पृथ्वीच्या गोलावर उभ्या असलेल्या परशुरामाचा भव्य पुतळा आहे. समुद्र मागे हटवून त्याने ही भूमी मिळवली, अशी कथा सांगतात. त्या कथेचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्याला कोकणासाठी ‘लिटोरल’ हे विशेषण बिनदिक्कत वापरता येईल.